परदेशांतून येणारा पैसा आणि शेतकऱ्याचें बँकखातें

पलूस व आसपासचा कृष्णाकांठ हा मुलूख ऊंस आणि द्राक्षें ह्यांकरितां प्रसिद्ध आहे. परंतु केवळ पिकाच्या जोरावर येथील घरें उभीं राहिलीं असें म्हणणें पुरतें खरें होणार नाहीं. सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडीस कारखाना निघाला तेव्हांपासून शेतकऱ्याच्या घरांत एखादा पगारदार दिसूं लागला. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला माणूस मनिऑर्डरीनें घर चालवीत असे. खानापूर-आटपाडीकडील मंडळी सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्याकरितां देशभर पांगली. हल्लीं हेंच पाऊल समुद्रापलीकडे पडलें आहे. कोणाचा मुलगा अमेरिकेंत संगणकाच्या कामावर, कोणाचा आखाती देशांत यंत्रावर, तर कोणाचा जहाजावर आहे. शिवाय द्राक्षांच्या पेट्या युरोपांत जातात व त्यांचें मोल तिकडील चलनांत ठरतें. म्हणजे परदेशचा पैसा दोन वाटांनीं आपल्या उंबऱ्याशीं येतो : एक नात्याची वाट व दुसरी मालाची.

हा ओघ लहान नाहीं. सन २०२४-२५ ह्या वर्षांत परदेशस्थ भारतीयांनीं स्वदेशीं पाठविलेली रक्कम सुमारें १३५ अब्ज डॉलर होती. आणि रिझर्व्ह बँकेनें सन २०२३-२४ सालाविषयीं केलेल्या पाहणींत अशा रकमेचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रांत आला असें आढळलें. इतका पैसा येत असूनहि तो कसा येतो, वाटेंत कोठें कमी होतो आणि हातीं आल्यावर त्याचें काय करावें व काय करूं नये, ह्याविषयीं आपल्या शेतकरी वर्गांत माहिती थोडी आहे. महसूल खात्याच्या कारकुनींत उमर गेल्यामुळें एक गोष्ट मात्र प्रस्तुत लेखकाच्या अंगीं मुरली आहे. पैसा आला एवढ्यानें भागत नाहीं. तो कोणाच्या नांवें, कोणत्या कारणानें आणि कोणत्या कागदावर आला, हें पुढें दहा वर्षांनीं विचारलें जातें. त्या दृष्टीनें हा विषय येथें क्रमानें मांडला आहे.

१. पैसा येत नाहीं, हिशेब येतो

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तिकडे भरलेले डॉलर प्रवास करून इकडे पोंचतात. तसें कांहीं होत नाहीं. आपल्या पूर्वजांस हुंडी ठाऊक होती. एका शहरांतील पेढीवर रोकड भरावी, तिची हुंडी घ्यावी, आणि दूरच्या शहरांतील पेढीवर ती दाखवून रोकड उचलावी. दर्शनी हुंडी दाखवितांच पटे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत एकमेकींचीं खातीं असत आणि जमाखर्च तेथें मिटे. रोकडीच्या थैल्या रस्त्यानें जात नसत.

हल्लींच्या बँकांचें काम ह्याच तत्त्वावर चालतें. आपल्या देशांतील मोठ्या बँका न्यूयॉर्क, लंडन वगैरे ठिकाणच्या बँकांत तेथील चलनाचें खातें ठेवितात. मुलानें आपल्या तिकडील बँकेंत हजार डॉलर भरले म्हणजे ते आपल्या बँकेच्या तिकडील खात्यांत जमा होतात, आणि 'अमुक माणसास अमुक रक्कम द्यावी' एवढा संदेश इकडे येतो. तो संदेश पाहून इकडील बँक आपल्या तिजोरींतून रुपये देते. हा संदेश नेणारी जी जगभरच्या बँकांची संस्था आहे तिचें नांव स्विफ्ट. ती सन १९७३ मध्यें बेल्जम देशांत स्थापन झाली व सन १९७७ पासून तिचें काम सुरू झालें. पैसा नेणें हें तिचें काम नव्हे, संदेश नेणें एवढेंच तिचें काम. संदेशांत एक अक्षर चुकलें तरी रक्कम अडते, ह्याचें कारण हेंच.

२. पाठविणाऱ्यास काय कळवावें

पुढील बाबी पासबुकावरून व चेकबुकावरून जशाच्या तशा लिहून द्याव्या. आठवणीवर विसंबूं नये.

पहिली बाब नांव. खात्यावर नांव ज्या क्रमानें व ज्या स्पेलिंगनें आहे तेंच कळवावें. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नांव, आधारपत्रावर दुसरें व पासबुकांत आडनांव अगोदर, असा प्रकार सर्रास असतो. देशांतल्या देशांत तो चालून जातो. परदेशच्या संदेशांत तो चालत नाहीं. नांव जुळलें नाहीं तर बँक रक्कम रोखून ठेविते किंवा परत पाठविते, आणि परतीचा खर्च पाठविणाऱ्याच्या माथीं बसतो.

दुसरी बाब खात्याचा पुरा नंबर, बँकेचें व शाखेचें नांव आणि पत्ता.

तिसरी बाब स्विफ्ट कोड. हा आठ किंवा अकरा अक्षर-अंकांचा असतो. पहिलीं चार अक्षरें बँकेचीं, पुढील दोन देशाचीं, त्यापुढील दोन ठिकाणाचीं, आणि असल्यास शेवटचीं तीन शाखेचीं. भारताकरितां पांचवें व सहावें अक्षर आय व एन हें असावयाचेंच. तालुक्याच्या शाखेस बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. बँकेच्या मोठ्या शाखेचा किंवा मुख्य कचेरीचा चालतो. तो शाखाधिकाऱ्यास विचारून घ्यावा.

चौथी बाब आय. एफ. एस. सी. कोड. हा अकरा अक्षर-अंकांचा असून त्याचें पांचवें स्थान शून्याचें असतें. हा देशांतर्गत कोड आहे. मुख्य कचेरींत आलेली रक्कम आपल्या शाखेपर्यंत आणण्यास त्याचा उपयोग होतो. परदेशच्या बँकेस स्विफ्ट कोडाऐवजीं तो देऊन भागत नाहीं. युरोपांतील बँका आयबान नांवाचा नंबर मागतात. भारतांत ही पद्धति नाहीं. तेव्हां तो नाहीं म्हणून घाबरून जाऊं नये. खात्याचा नंबर व स्विफ्ट कोड द्यावा.

पांचवी बाब कारण. प्रत्येक आवक रकमेस कारणाचा एक संकेतांक असतो. कुटुंबाच्या निर्वाहाकरितां परदेशस्थ भारतीयानें पाठविलेल्या रकमेस पी १३०१, निर्यातीच्या मालाबद्दल आगाऊ आलेल्या रकमेस पी ०१०३, असे निरनिराळे अंक आहेत. बँकेनें कारण विचारलें असतां खरें तेंच सांगावें. घरखर्चाच्या नांवानें व्यापाराचा पैसा आणल्यास तो पुढें निर्यातींत दाखवितां येत नाहीं.

३. कोणतें खातें द्यावें

येथें आपल्या बांधवांची गल्लत फार होते. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवखात्याचा नंबर परदेशीं देऊन उपयोग नाहीं. सहकारी बँकेच्या बाबतींत तिला परकीय चलनाचा व्यवहार करण्याचा रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे किंवा नाहीं, आणि नसल्यास दुसऱ्या कोणत्या बँकेमार्फत ती रक्कम घेते, हें आधीं विचारावें.

पीककर्जाच्या खात्याचा नंबर कधींहि देऊं नये. त्या खात्यांत पडलेला पैसा प्रथम कर्जबाकींत वळता होतो. आणि मुलानें विहिरीकरितां पाठविलेली रक्कम विहिरीस न लागतां कर्जास लागली असा प्रसंग येतो. साधें बचत खातें द्यावें. तेंहि चालू असावें. दोन वर्षें खातेदारानें देवघेव केली नाहीं तर खातें निष्क्रिय धरतात. अपुऱ्या कागदांवर उघडलेलें जें 'छोटें खातें' असतें त्यांत वर्षास एक लाख रुपयांपेक्षां अधिक जमा घेत नाहींत, आणि ओळखीचे पुरे कागद दिल्याखेरीज परदेशची रक्कम त्यांत मुळींच घालीत नाहींत. म्हणून रक्कम मागविण्यापूर्वीं आधार, पॅन व फोन नंबर खात्यास जोडलेले आहेत ना, ह्याची खात्री करावी. सन २०१९ च्या ऑगस्टांतील कृष्णेच्या महापुरासारखा प्रसंग ओढवला म्हणजे पैसा दोन दिवसांत हवा असतो. तेव्हां कागद शोधीत बसण्यास वेळ नसतो.

४. पैसा येण्याचे मार्ग

पहिला मार्ग बँकेंतून बँकेंत, म्हणजे वर सांगितलेला स्विफ्टचा. पूर्वीं ह्याचा संदेश तारेनें जाई. आपल्या देशांतील तारेची व्यवस्था सन २०१३ मध्यें बंद झाली, तरी बँकांच्या दरपत्रकांत 'टी. टी.' हें तारेचें नांव अद्याप कायम आहे. मोठ्या रकमेस व व्यापाराच्या पैशास हा मार्ग योग्य. रक्कम पोंचण्यास साधारणतः एक ते पांच कामाचे दिवस लागतात.

दुसरा मार्ग विनिमयगृहांचा. आखाती देशांतील कामगार बहुतकरून ह्याच मार्गानें पैसा पाठवितात. तेथील विनिमयगृहानें भारतांतील बँकेशीं रिझर्व्ह बँकेच्या संमतीनें करार केलेला असतो व रक्कम थेट खात्यांत जमा होते. अमेरिका, इंग्लंड वगैरे देशांत फोनवरून पैसा पाठविणाऱ्या परवानाधारक कंपन्या आहेत. त्याहि भारतांतील बँकेच्याच द्वारें रक्कम जमा करितात.

तिसरा मार्ग रोख रकमेचा. ह्यांत पाठविणारा एक संकेतांक कळवितो व घेणारा ओळखपत्र दाखवून भारतांतील दलालाकडून रक्कम घेतो. ह्या मार्गास रिझर्व्ह बँकेनें मर्यादा घातल्या आहेत : एका वेळीं २,५०० डॉलरपर्यंत, एका व्यक्तीस वर्षांत ३० वेळां, आणि रोखीनें ५०,००० रुपयांपर्यंत, त्यावरील रक्कम खात्यांतच जमा व्हावयाची. हा मार्ग केवळ कुटुंबाच्या निर्वाहासारख्या खासगी कारणाकरितां आहे. व्यापार, देणगी किंवा जमीनजुमल्याची खरेदी ह्यांकरितां तो चालत नाहीं.

चौथा मार्ग नवा आहे. सन २०२३ च्या फेब्रुवारींत सिंगापूरची पे-नाऊ व आपली यूपीआय ह्या दोन व्यवस्था जोडल्या गेल्या. ज्यांचीं मुलें सिंगापुरांत आहेत त्यांस लहान रकमा फोनवर तत्काळ मिळूं शकतात.

ह्यांखेरीज एक पांचवी वाट आहे ती हवाल्याची. तिकडे डॉलर घ्यावयाचे व इकडे कोणी अनोळखी इसमानें नोटांचें पुडकें आणून द्यावयाचें. दर थोडा बरा मिळतो म्हणून कित्येक जण मोहांत पडतात. सन १९९९ च्या परकीय चलन कायद्याविरुद्ध हा व्यवहार आहे. त्यांत गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय त्या नोटा कोणत्या धंद्यांतल्या हें आपणांस माहीत नसतें. आणि रक्कम बुडाली तर दाद कोणाकडे मागावयाची?

५. वाटेंत पैसा कमी कोठें होतो

जाहिरातींत 'पाठवणावळ माफ' असें मोठ्या अक्षरांनीं लिहिलेलें असतें. त्यावर भुलूं नये. खरी मेख दरांत असते. बाजारांत डॉलरचा जो भाव असतो त्याहून कमी भावानें बँक किंवा कंपनी आपले डॉलर घेते व मधला फरक तिचा नफा होतो.

हिशेबाच्या सोयीकरितां डॉलरचा बाजारभाव ९० रुपये धरूं. मुलानें १,००० डॉलर पाठविले. एक संस्था पाठवणावळ घेत नाहीं पण दर ८८ रुपये ५० पैसे देते. हातीं येतात ८८,५०० रुपये. दुसरी ५०० रुपये पाठवणावळ घेते पण दर ८९ रुपये ७० पैसे देते. ८९,७०० मधून ५०० वजा जातां राहतात ८९,२०० रुपये. म्हणजे जिनें पाठवणावळ घेतली तिच्याकडेच आपले ७०० रुपये अधिक झाले. दरमहा पैसा येत असेल तर वर्षाचे ८,४०० रुपये. म्हणून विचारावयाचें तें एकच : 'माझ्या पासबुकांत किती रुपये पडतील?'

ह्याशिवाय चलन बदलण्याच्या सेवेवर वस्तु व सेवा कर बसतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तिचा शेंकडा एक हिस्सा हें सेवेचें मोल धरून त्यावर १८ टक्के कर घेतात, व तो निदान ४५ रुपये असतो. वरील उदाहरणांत तो सुमारें १६० रुपये होईल. पुनः स्विफ्टच्या मार्गांत मधली बँक आपली दलाली कापून घेते. हा खर्च कोणी सोसावा हें पाठविणाऱ्यास ठरवितां येतें. सर्व खर्च पाठविणाऱ्याकडे, दोघांत वांटून, किंवा सर्व घेणाऱ्याकडे, असे तीन पर्याय असतात. पुरी रक्कम हवी असल्यास पहिला पर्याय निवडण्यास सांगावें. अमेरिकेंत १ जानेवारी २०२६ पासून रोखीनें किंवा मनिऑर्डरीसारख्या साधनानें परदेशीं पाठविलेल्या रकमेवर शेंकडा एक कर आहे. तेथील बँकखात्यांतून अथवा कार्डानें पाठविल्यास तो लागत नाहीं. मुलानें खात्यांतूनच पाठवावें हें उघड आहे.

६. मुलाचें खातें व बापाचें खातें

मुलगा नोकरीकरितां परदेशीं गेला म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें तो अनिवासी होतो. त्याचें गांवीं असलेलें साधें बचत खातें तसेंच चालविणें नियमास धरून नाहीं, तें एन. आर. ओ. ह्या प्रकारांत बदलून घ्यावें लागतें. भारतांतील उत्पन्न, म्हणजे घरभाडें, व्याज वगैरे, त्यांत जमा होतें व त्याच्या व्याजावर कर कापला जातो. परदेशची कमाई ठेवण्यास एन. आर. ई. हें खातें आहे. त्याच्या व्याजावर अनिवासी असेपर्यंत येथें कर नाहीं, आणि तो पैसा पुनः परदेशीं नेण्यास आडकाठी नाहीं.

ह्यावरून तत्त्व असें निघतें कीं, जो पैसा मुलाचाच राहावयाचा तो त्यानें स्वतःच्या एन. आर. ई. खात्यांत ठेवावा, आणि जो घरखर्चाकरितां किंवा बापास द्यावयाचा तोच बापाच्या खात्यांत पाठवावा. एकदां बापाच्या खात्यांत पडलेला पैसा बापाचा होतो. त्यावर पुढें जें व्याज येईल त्याचा कर बापानें भरावयाचा, व पुढें भावाभावांत वांटण्या झाल्या तर त्यावर सर्वांचा डोळा जातो. महसूल कचेरींत वारसाच्या व वांटणीच्या तक्रारी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हें अधिक सांगण्याची जरुरी नाहीं.

७. परदेशचा पैसा व शेतजमीन

शेतकऱ्याच्या दृष्टीनें ह्या विषयांतील सर्वांत नाजूक भाग हाच. मुलगा म्हणतो, 'बाबा, पैसे पाठवितों, शेजारची दोन एकर माझ्या नांवें घ्या.' ही गोष्ट करितां येत नाहीं. अनिवासी भारतीयास घर, दुकान, गाळा विकत घेण्यास मोकळीक आहे. शेतजमीन, मळा अथवा फार्महाऊस विकत घेण्याची मात्र मनाई आहे. मुखत्यारपत्र करून घेतल्यानें ती मनाई उठत नाहीं. वडिलोपार्जित शेतजमीन वारसानें मिळण्यास मात्र हरकत नाहीं. म्हणून परदेशीं गेलेल्या मुलाचें नांव वारस म्हणून लावण्यास कचरूं नये, आणि 'तो तिकडे गेला, त्याचा हक्क गेला' असेंहि कोणी समजूं नये.

बापास स्वतःच्या नांवें जमीन घ्यावयाची असेल तर मुलानें दिलेल्या पैशानें ती घेण्यास हरकत नाहीं. परंतु तो पैसा खरोखरीच बापास दिलेला असावा. पैसा मुलाचा, मालकी मुलाची, आणि नांव फक्त बापाचें, असा डाव मनांत धरून केलेला व्यवहार बेनामी ठरण्याची भीति असते. म्हणून मुलाकडून 'ही रक्कम वडिलांस बक्षीस दिली' असें तारखेसह लेखी पत्र घ्यावें, बँकेच्या पावतीसह तें जपावें, आणि विक्रेत्यास मोबदला चेकनें किंवा खात्यांतूनच द्यावा. ह्याशिवाय सन १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें आपल्या राज्यांत शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, ही अट वेगळी आहेच.

बक्षिसावरील आयकराचा नियमहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पति-पत्नी, आईबाप, मुलें, नातवंडें, भाऊ-बहीण, तसेंच आईबापांचे भाऊ-बहिणी, ह्यांच्याकडून मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्यास कर नाहीं. परंतु ही यादी घेणाऱ्याच्या बाजूनें मोजावयाची. चुलत्यानें पुतण्यास पैसे दिले तर सूट आहे. पुतण्यानें चुलत्यास दिले तर चुलत्याच्या यादींत पुतण्या बसत नाहीं, आणि वर्षांत ५०,००० रुपयांपेक्षां अधिक रक्कम झाल्यास ती सर्व चुलत्याच्या उत्पन्नांत धरली जाते. चुलत भावाचीहि तीच गत. एकत्र कुटुंबाच्या जिव्हाळ्यानें ज्यास आपण मुलगाच मानतों, त्यास कायदा मुलगा मानीत नाहीं. अशा वेळीं पुतण्यानें आपल्या बापाच्या खात्यांत पैसे पाठवावे व बापानें भावास द्यावे, हा सरळ मार्ग आहे. भावाकडून भावास दिलेल्या रकमेस सूट आहे.

मुलानें परदेशचें नागरिकत्व घेतलें असेल तर आणखी एक बाब. अशा नातेवाइकाकडून वर्षांत दहा लाख रुपयांपेक्षां अधिक रक्कम आल्यास केंद्र सरकारास तीन महिन्यांच्या आंत कळवावें लागतें. आणि गांवच्या देवळास, शाळेस किंवा तालमीस परकीय नागरिकाची देणगी घ्यावयाची झाल्यास त्या संस्थेची त्या कायद्याखालीं नोंदणी किंवा परवानगी पाहिजे, व रक्कम दिल्लींतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेंतील खात्यांतच प्रथम आली पाहिजे. पंचांपैकीं एखाद्याच्या खासगी खात्यांत अशी देणगी घेणें म्हणजे भल्या हेतूनें अडचणींत पडणें होय. दाता अद्याप भारतीय नागरिक असेल व स्वतःच्या बचतींतून बँकेमार्फत देत असेल तर ही अट लागत नाहीं.

८. द्राक्षांचा पैसा

आतां मालाची वाट. बहुतेक बागाईतदार आपला माल निर्यातदारास देतात. अशा वेळीं परदेशचा पैसा निर्यातदाराच्या खात्यांत येतो. शेतकऱ्यास रुपयांत मोबदला मिळतो. परंतु तिकडे कांहीं बिनसलें कीं त्याची झळ इकडे पोंचतेच. सन २०१० च्या हंगामांत युरोपांत गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला, माल अडला, आणि अनेक बागाईतदारांचें येणें अडकलें. सन २०२४ च्या हंगामांत लाल समुद्रांतील हल्ल्यांमुळें जहाजें आफ्रिकेस वळसा घालून गेलीं व प्रवास लांबला. माल उशिरां पोंचला म्हणजे पैसाहि उशिरां येतो, आणि औषधवाल्याचें बिल मात्र थांबत नाहीं.

म्हणून माल उचलण्यापूर्वीं निर्यातदाराशीं लेखी करार करावा. दर किलोस किती, पैसा किती दिवसांत, तिकडे माल नापसंत झाल्यास तोटा कोणाचा, आणि तपासणीचा दाखला कोणत्या प्रयोगशाळेचा, एवढ्या चार गोष्टी त्यांत असाव्या. 'बाजारांत जो भाव फुटेल तो' अशा बोलीवर माल देणें म्हणजे सर्व जोखीम आपल्या शिरावर घेणें. सन १९९१ मध्यें द्राक्षोत्पादकांच्या सहकारी संस्थांनीं मिळून महाग्रेप्स ही संस्था उभी केली, ती निर्यातीचा व्यवहार उत्पादकांनीं एकत्र येऊन करावा ह्याच हेतूनें.

ज्या शेतकऱ्यांस किंवा उत्पादक कंपनीस स्वतः निर्यात करावयाची असेल त्यांनीं विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा, आणि परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेंत चालू खातें उघडावें. परदेशी व्यापाऱ्याकडून पैसा घेण्याचे प्रकार चार. पहिला आगाऊ रक्कम. हा सर्वांत सुरक्षित. दुसरा पतपत्राचा, ह्यांत व्यापाऱ्याची बँक हमी देते, मात्र कागदपत्रांत अक्षराचाहि फरक चालत नाहीं. तिसरा, कागद बँकेमार्फत पाठवावयाचे व पैसा भरल्यावरच ते व्यापाऱ्यास मिळावयाचे. तथापि द्राक्षांसारखा नासका माल बंदरांत अडून राहिला तर व्यापारी भाव पाडून मागतो. चौथा, उधारीनें किंवा विक्रीनंतर पैसा. ह्यांत धोका सर्वांत अधिक. उधारीच्या बुडीविरुद्ध विमा उतरण्याकरितां सन १९५७ पासून निर्यात पतहमीची सरकारी संस्था आहे, ई. सी. जी. सी. ह्या नांवानें ती ओळखली जाते. निर्यातीचा पैसा ठराविक मुदतींत देशांत आणणें कायद्यानें बंधनकारक आहे. ही मुदत वेळोवेळीं बदलते, म्हणून प्रत्येक हंगामाच्या आरंभीं बँकेस विचारून घ्यावी.

९. फसवणूक व दाद

फसविणाऱ्यांस परदेशच्या पैशाचें नांव फार सोयीचें असतें. 'तुमच्या नांवें परदेशांतून भेट आली आहे, ती जकातींत अडकली आहे, सोडविण्यास अमुक रक्कम भरा'; 'लॉटरी लागली आहे'; 'रिझर्व्ह बँकेंत तुमची रक्कम पडून आहे'; असे फोन व पत्रें येतात. हें सर्व खोटें समजावें. पैसा घेण्याकरितां आपणांस आधीं पैसा भरावा लागत नाहीं, आणि फोनवर आलेला ओ. टी. पी. किंवा पिन कोणास सांगावा लागत नाहीं. दुसरा प्रकार याहून घातक. कोणी म्हणतो, 'माझे परदेशांतून पैसे यावयाचे आहेत, तुमच्या खात्यांत घ्या, शेंकडा पांच तुम्हांस.' अशानें खातें गोठतें आणि पोलिसांचा फेरा मागें लागतो. आपलें खातें दुसऱ्यास वापरूं देणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणें होय. फसवणूक झाल्यास क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० ह्या नंबरावर कळवावें व बँकेस खबर द्यावी.

पाठविलेली रक्कम मुदतींत न आल्यास पाठविणाऱ्याकडून व्यवहाराचा नंबर व पाठविलेल्या संदेशाची प्रत मागवावी. तींत नांव, खातें व कोड बरोबर आहेत ना, हें आधीं पाहावें. नंतर शाखेंत लेखी अर्ज द्यावा व दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. तोंडी चौकशीस कचेरींत नोंद नसते, आणि ज्याची नोंद नाहीं तें घडलेंच नाहीं असें धरण्याचा कचेऱ्यांचा रिवाज आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तरानें समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. तीस फी पडत नाहीं व वकिलाची गरज नाहीं.

शेवटीं एकच सूचना. साऱ्याच्या पावत्या आपण जशा एका जुडग्यांत बांधून ठेवितों, तसें परदेशांतून आलेल्या प्रत्येक रकमेचें बँकेचें आवकपत्र, मुलाचें बक्षीसपत्र आणि निर्यातदाराचा करार हीं कागदपत्रें सालवार लावून ठेवावीं. आज त्यांस किंमत वाटणार नाहीं. परंतु जमिनीचा फेरफार, आयकराची नोटीस किंवा घरांतील वांटणी ह्यांपैकीं एखादा प्रसंग प्रत्येक घरीं केव्हां ना केव्हां येतोच, आणि त्या वेळीं घामाचा पैसा आपला होता हें सिद्ध करण्यास दुसरा साक्षीदार नसतो.